दोन पेट्यांच्या मधली अक्का

मी गाणी जुळवते. गायचं काम माझं नाही, वाजवायचंही नाही. कुणी गळा रेकॉर्ड करून पाठवतं, कुणी ढोलकी, कुणी बासरी. ते सगळे आवाज लॅपटॉपमध्ये एकमेकांशेजारी बसवायचे, कुणाला पुढे घ्यायचं, कुणाला मागे ठेवायचं, कुणाचा चिरका सूर थोडा घासून काढायचा. मिक्सिंग म्हणतात याला. लग्नाआधी मी एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जोडायचे, तिथे हे हाताला लागलं. पुढे जळगावात, पिंप्राळ्याला सासरी आल्यावर अहिराणी गाण्यांची कामं घरीच यायला लागली.

आमचं घर दोन खोल्यांचं. माझं टेबल पुढच्या खोलीत आणि त्याच खोलीत आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची खाट. दुपारी जेवून आबा आडवे झाले की माझं काम सुरू. त्यामुळे पहिल्या दिवसापासून कानावर हेडफोन. पाच-सहा वर्षं मी असंच काम केलं. शेकडो गाणी केली असतील, पण माझं एकही गाणं मी मोकळ्या हवेत ऐकलेलं नव्हतं. ते मला कधी खटकलंही नाही. हेडफोनमध्ये इतकं काही ऐकू यायचं की आणखी काही ऐकायचं राहिलं असेल असं वाटायचंच नाही. गाणाऱ्याने श्वास घेण्याआधी ओठ सुटे होतात तो आवाज, ढोलकीवाल्याच्या बोटातली अंगठी लाकडाला लागते तो आवाज. आपण कुणाच्या घरात न विचारता शिरलो आहोत असं व्हायचं.

माझं माहेर साक्रीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. आमच्या गल्लीत एक बाई आहेत, सत्तरीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. त्या कुणाच्या थोरल्या बहीण आहेत ते आता कुणाला आठवत नाही. कानबाई या आमच्या खानदेशी देवीची गाणी सगळ्यांत जास्त त्यांनाच येतात. श्रावणात कानबाई बसली की रात्रभर बायका गातात, आणि कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ ते विसरलं की सगळ्या अक्काच्या तोंडाकडे बघतात. गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "तू जगाची गाणी करतेस, अक्काचं एक कर की. यंदा कानबाईला भोंग्यावर लावू."

मी माइक घेऊन गेलेच होते. अक्काच्या मागच्या खोलीत दाराला दोन गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. वैशाखातलं ऊन, पत्र्याचं घर. अक्का घामाने चिंब झाल्या, पण एका दमात गायल्या. मी थांबा म्हटलं असतं तरी त्या थांबल्या नसत्या. संपल्यावर पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "व्हयनं ना? आते चहा ठेव."

मी आधी हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले आणि रेकॉर्डिंग लावलं. अक्का दचकल्या. दोन्ही हात हेडफोनवर दाबून धरले, डोळे मोठे झाले.

"मना डोकामा कोन गाई राहिनं?"

"ती तूच शे, अक्का."

"मी त आठे बठेल शे!" बसल्या जागेवर हात आपटत त्या म्हणाल्या. एका ठिकाणी त्यांनी मान हलवली, कुठलीशी हरकत त्यांना आवडली असावी. हेडफोन काढून माझ्या हातात देताना त्यांनी ते दोन्ही हातांनी दिले, देवाचा प्रसाद द्यावा तसे.

पिंप्राळ्याला परत आले आणि त्या गाण्यावर मी जितकी मेहनत केली तितकी कशावरच केली नव्हती. गावातल्याच दोघांची ढोलकी आणि टाळ घेतले होते. ते चांगले बसले. पण अक्काचा आवाज मला पुरेना. तो डोक्याच्या मधोमध एका ठिपक्यासारखा बसायचा. मला तो मोठा हवा होता, सगळीकडून यायला हवा होता. एका व्हिडिओत मी एक युक्ती पाहिली होती. आवाजाची एक प्रत करायची, एक डाव्या कानात, एक उजव्या कानात, आणि उजवी प्रत उलटी करायची. उलटी म्हणजे शब्द उलटे नाहीत. आवाजाची लाट जिथे वर चढते तिथे खाली उतरवायची, इतकंच. ऐकताना शब्द तसाच ऐकू येतो. मी ते केलं, वर देवळात असतो तसा थोडा घुमारा दिला, आणि हेडफोनमध्ये अक्का एकदम डोक्याबाहेर गेली. डावीकडे अक्का, उजवीकडे अक्का, मागे अक्का. माझ्या अंगावर काटा आला. आबा घोरत होते आणि मी टेबलाशी बसून रडत होते. एवढं सुंदर आपण काही केलंय यावर माझा विश्वास बसेना.

श्रावणात गावी गेले. सोमवारी सकाळी कानबाईला निरोप देतात. बायका नटूनथटून जमल्या होत्या, चौरंगावरचं नारळाचं कानबाईचं रूप डोक्यावर घेऊन नदीवर निघायची तयारी चालली होती. भोंगेवाला गावातलाच. पिंपळाच्या फांदीला भोंगा, खाली मशीन. मी त्याला पेन ड्राइव्ह दिला. अक्का नवीन हिरवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे उभ्या. आईने शेजारच्या गावच्या बायकांनाही सांगून ठेवलं होतं.

ढोलकी सुरू झाली. खणखणीत. टाळ आले. बायकांनी माना डोलावल्या. मग अक्काची ओळ सुरू व्हायची जागा आली.

आणि काहीच आलं नाही.

ढोलकी चालूच, टाळ चालूच. ज्या जागी अक्का गात होती त्या जागी नुसता एक धूसर घुमारा येत होता, लांबच्या विहिरीत कुणीतरी बोलत असावं तसा. शब्द नाहीत, गळा नाही. मला वाटलं वायर सैल झाली. मी भोंगेवाल्याकडे पळाले. त्याने बटणं फिरवली, आवाज वाढवला. ढोलकी कानठळ्या बसवायला लागली, पण अक्का काही आली नाही.

"ताई, मनी मशीनमा काही खोट नही शे," तो म्हणाला आणि त्याने दुसरं एक गाणं लावून दाखवलं. त्यातला गाणारा स्वच्छ ऐकू आला. पुन्हा माझं लावलं. पुन्हा अक्का गायब.

अक्का माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. मेळ्यात पोर हरवल्यावर आईचा चेहरा होतो तसा झाला होता.

"मना आवाज कोठे गया वं माय? ढोलकी, टाळ, बठ्ठं वाजी राहिनं, मीच नही."

मी त्यांचा हात धरला, पण तो मला नीट धरता आला नाही. बायका कुजबुजायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, कानबाईला आवडलं नसेल मशीनमध्ये घातलेलं. मग अक्कांनी हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि त्या वाजणाऱ्या ढोलकीवर स्वतःच गायला लागल्या. भोंग्यातली ढोलकी पुढे चालली होती आणि त्या तिला नेमक्या जागी गाठून गात होत्या, रेकॉर्डिंगला गायल्या होत्या तशाच, श्वाससुद्धा त्याच जागी. बायकांनी ओळ उचलली आणि कानबाई निघाली. मी मागून चालत राहिले. लाजेने मेल्यासारखं झालं होतं, तरीही कान अक्काकडेच होते. उघड्या रस्त्यावर, चिखलात, वीस बायकांच्या गलक्यात तो आवाज प्रत्येकीच्या डोक्यावरून जात होता. त्याला कुठल्याच युक्तीची गरज नव्हती.

दुपारी भोंगेवाला मशीन आवरत होता. माझ्याकडे बघून त्याला दया आली असावी. म्हणाला, "धुळ्याला एक चाचा आहेत, स्पीकरच्या पेट्या बनवतात. आमच्या सगळ्यांच्या पेट्या त्यांच्याकडच्याच. त्यांना ऐकव. काय झालं ते सांगतील."

दुसऱ्या दिवशी जळगावला परतताना मी धुळ्याला उतरले. चाचांचं लाकडाचं दुकान एका गल्लीच्या टोकाला. साठीचे, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, अंगभर भुसा. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"बेटी, पहिले चहा घे. मग ऐकू."

दुकानाच्या मागे त्यांची एक खोली होती. नवी पेटी बनली की ती कशी वाजते ते ऐकायला त्यांनी ती केली होती. भिंतींवर लाकडी चौकटींत कापूस भरून वर मांजरपाट ताणलेला. चाचा म्हणाले, हा जिनिंगमधला कापूस, खानदेशात दुसरं काय मिळणार. खोलीत शिरल्यावर माझ्याच पावलांचा आवाज बंद झाला, कुणीतरी पायाखाली गादी सरकवल्यासारखा. समोर दोन लहान पेट्या, त्यांनीच बनवलेल्या, छातीच्या उंचीवर. मधे चार हात मोकळी जागा आणि मागे पांढरी भिंत. समोर एकच लाकडी खुर्ची.

"बस. डोकं दोन्ही पेट्यांपासून सारखं लांब ठेव."

त्यांनी माझं गाणं लावलं. ढोलकी आली, दोन पेट्यांच्या अगदी मधोमध, घट्ट. मग अक्का आली. म्हणजे आवाज आला, पण कुठून ते कळेना. समोरून नाही, बाजूने नाही. कानांवर आतून दाब आल्यासारखं, घाटात गाडी चढताना होतं तसं. हेडफोनमध्ये जे मला अद्भुत वाटलं होतं ते इथे ऐकवत नव्हतं.

चाचांनी मान हलवली. "एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. इथे दोन पेट्या आहेत म्हणून काही तरी कानाला मिळतंय. भोंग्यात दोन्ही आवाज एकाच तारेतून जातात. ढकलणं आणि ओढणं एकत्र आलं की बाकी काय राहतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"हां."

इतकं सोपं होतं. मीच माझ्या हातांनी अक्काला अक्कातून वजा केलं होतं. घुमारा दोन्ही बाजूंना वेगवेगळा होता, म्हणून तेवढा वाचला.

मी लगेच लॅपटॉप उघडायला लागले. चाचांनी थांबवलं. "त्याला हात लावू नको. आधी ऐक." ते उजव्या पेटीच्या मागे गेले. तिथे दोन तारा होत्या, एक लाल, एक काळी. त्यांनी दोन्ही सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. बाकी काहीही केलं नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

ढोलकी या वेळी विस्कटली, पातळ झाली, खोलीभर पसरली. मी काही म्हणणार इतक्यात अक्काची ओळ आली.

अक्का दोन पेट्यांच्या मधे उभी होती.

मी हे कसं सांगू ते मला अजून कळत नाही. तिथे काही नव्हतं. पांढरी भिंत होती, भिंतीवर एक खिळा होता. आणि त्या खिळ्याच्या थोडं पुढे, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, अक्का गात होती. तोंड कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं असतं. तिच्या तोंडामागे छाती होती, छातीत हवा भरत होती. वैशाखातलं ते तापलेलं पत्र्याचं घर तिच्याभोवती होतं. पाच-सहा वर्षं मी लोकांचे आवाज डोक्याच्या आत ऐकत आले होते, आणि माणूस माझ्यासमोर उभं राहून गाऊ शकतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठले. का उठले ते ठाऊक नाही, त्या जागेला हात लावायचा होता बहुतेक. दोन पावलं डावीकडे गेले तर अक्का घसरत डाव्या पेटीत गेली. मागे खुर्चीशी आले, अक्का पुन्हा मधे. मी तसं तीन-चारदा केलं. चाचा हसत होते.

"मी चाळीस वर्षं पेट्या बनवतोय," ते म्हणाले. "अजून रोज सकाळी एकदा त्या भिंतीकडे बघतो. कुणीच नसतं तिथे. अल्लाहची कुदरत आहे बेटी, लाकडाची नाही."

त्यानंतर तीन महिने आठवड्यातून एकदा मी जळगावहून धुळ्याला जात होते. सकाळची एसटी धरायची, दुपारी चाचांच्या खोलीत तीन तास काम करायचं, संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत. युक्ती काढून टाकली. अक्काचा एकच आवाज, मधोमध. तेवढ्याने भागलं नाही. पेट्यांवर ऐकल्यावर कळलं की ढोलकीचा खालचा सूर मी दुप्पट करून ठेवला होता. हेडफोनमध्ये तो अंगाला लागत नाही, म्हणून मी वाढवतच गेले होते. टाळ इतके तीक्ष्ण होते की चाचांनी कानात बोट घातलं. मग मला पेट्यांवरच सगळा विश्वास बसायला लागला, तर चाचांनी तोही मोडला. एकदा मी खालचा सूर बराच कमी केला तेव्हा ते म्हणाले, "तो मागचा कोपरा बघ. तिथे खालचा सूर साठतो. खोली तुझ्याशी खोटं बोलतेय. तुझ्या त्या कानाच्या डबीत एकदा पडताळ."

हेडफोनला ते कानाची डबी म्हणत. स्वतः त्यांनी ते कधी लावले नव्हते. दोन पेट्या असताना माणसाने कान का बंद करून घ्यावेत, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी मी आग्रहाने त्यांना लावायला दिले. अक्काच्या दोन ओळींमधली शांतता ऐकवली. पेट्यांवर तिथे काहीच ऐकू येत नव्हतं.

चाचा ऐकत राहिले. मग त्यांनी मागे वळून बघितलं. पुन्हा पुढे. हेडफोन काढले, परत लावले.

"बांगडी," ते हळूच म्हणाले. "ती हात मांडीवर ठेवते तेव्हा बांगडी वाजते. आणि बाहेर कुणीतरी झाडू मारतंय."

"माझी आई," मी म्हटलं. मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मलाच नव्याने नवल वाटलं. "काढून टाकू का?"

"काढशील कशाला? राहू दे. अक्काचं घर आहे ते."

झाडू ठेवला. बांगडीही ठेवली.

गाणं झालं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. निघताना चाचांनी एक लहान पेटी आणि मशीन कापडात बांधून माझ्या हातात दिलं. "एकच ने. दोन पेट्यांत चूक लपते, एकीत लपत नाही. गावात ऐकव, मग परत आण."

साक्रीपर्यंत एसटी, पुढे जीप. सगळा प्रवास मी ती पेटी मांडीवर धरून केला. अक्का ओसरीवर बसून सुपात बाजरी निवडत होत्या. पुन्हा मशीन बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. मी पेटी त्यांच्या बाजूला ओट्यावर ठेवली. वीज होती. माझं बटण दोनदा चुकलं.

ढोलकी आली. आणि अक्काची ओळ तिच्या जागी आली. स्वच्छ, सगळ्यांच्या पुढे. सुपातले हात थांबले. अक्का पेटीकडे बघत नव्हत्या, समोर अंगणाकडे बघत होत्या. एक कडवं झालं, दुसरं झालं. त्यांचे डोळे भरले होते का ते मला नीट दिसलं नाही, कारण माझे भरले होते.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडच्या वस्तीवरची एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंगणात आली. तिला अक्काकडून विळा हवा होता. लांबून तिने गाणं ऐकलं, म्हणजे अक्का घरी आहे असं समजून ती सरळ आत आली होती. अंगणाच्या मधोमध येऊन ती थबकली. अक्का सूप मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या, ओठ मिटलेले, आणि अक्का गात होती. बाई एकदा अक्काच्या तोंडाकडे बघे, एकदा घराच्या दाराकडे. भारा डोक्यावर तसाच.

"अक्का," ती म्हणाली, "तू त तोंडबी उघडस नही!"

अक्का हसल्या. खूप दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघत होते. त्यांनी तिला हात करून शेजारी बसायला सांगितलं आणि बोटाने गप्प राहायची खूण केली. बाईने भारा उतरवला आणि ओट्याच्या कडेला टेकली. आम्ही तिघी ऐकत राहिलो. गाणं संपल्यावर विळ्याची आठवण कुणालाच नव्हती. ती बाई पेटीकडे वाकली, तोंड अगदी जवळ नेलं आणि जोरात म्हणाली, "अजून एक म्हन वं माय."